गाठीचं नाव विचारा

कोणी भाकरी थापत असाल, कोणी तूर निवडत बसल्या असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आज आम्ही पोटातल्या एका गाठीबद्दल बोलणार आहोत. ही गाठ फार क्वचित होते. मग तुम्ही म्हणाल, क्वचित होते तर आमचा वेळ कशाला घेता? पण ती आमच्याच गटातल्या एका काकूंना झाली, आणि तिच्यापायी आम्ही जे शिकलो ते पोटाच्या कुठल्याही गाठीला लागू पडतं. काकूंनी नाव आणि गाव सांगायचं नाही अशी अट घातली आहे. बाकी सगळं सांगायला त्यांची परवानगी आहे. "सांगा बाई रेडिओवर, कोनाच्या कामी पडलं तं पडलं," असं त्या म्हणाल्या.

काकू तेव्हा चौपन्न वर्षांच्या. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. त्या पावसाळ्यात निंदणाला गेल्या की त्यांची पात मागे पडू लागली. पूर्वी त्या सगळ्यांच्या पुढे असायच्या. चार पावलं चाललं की धाप लागायची. आम्ही म्हटलं, वय झालं, आता थोडं जपून करा. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्या घरात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तरी आकडा जवळपास तिथेच. संडास काळी होत होती, पण लोहाच्या गोळीने संडास काळी होतेच, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही. आमच्यात एक आशाताई आहे, तिनेही तेच सांगितलं होतं. ती आत्ता आमच्या शेजारी बसली आहे आणि मान हलवते आहे.

पाळी सुरू असलेल्या बाईचं रक्त कमी असलं तर पाळीत किती जातं, खाण्यात काय येतं, हे आपण आधी बघतो. पण पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त कमी होत असेल आणि गोळ्या घेऊनही वर येत नसेल, तर ते कुठून तरी गळतं आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. पुष्कळ वेळा ती गळती पोटात, आतड्यात असते. लोहाच्या गोळीने संडास गडद हिरवट काळी होते. आत रक्तस्राव असला तर ती डांबरासारखी काळी, चिकट आणि फार घाण वासाची होते. दोन्ही सारखं वाटू शकतं, म्हणून अंदाज बांधत बसू नका. संडासात लपलेलं रक्त आहे का हे कळायला साधी तपासणी असते, ती करायला सांगा.

काकूंना जेवलं की पोट लगेच भरल्यासारखं वाटायचं आणि बेंबीच्या वर गोळा लागायचा. बेंबी सरकली म्हणून त्यांनी शेजारच्या गावात जाऊन दोनदा तेलाने चोळून घेतलं. आज आठवलं की आमच्या अंगावर काटा येतो. अशी गाठ मऊ असते, तिच्यात रक्त पुष्कळ खेळत असतं. ती दाबली, चोळली, फुटली तर आत रक्तस्राव होतो आणि तिच्या पेशी पोटभर पसरतात. तेव्हा पोटात हाताला गोळा लागत असेल तर चोळून घेऊ नका बायांनो. तसं करणाऱ्या मावशीबाईंचा राग धरू नका, पण त्यांच्याकडे जाऊही नका.

पुढे सोनोग्राफी झाली. कागदावर आलं, स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ मोठी गाठ. एका डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. सहा महिने. घरी न्या, काय आवडतं ते खाऊ घाला." त्यांनी गाठीचा तुकडा तपासला नव्हता. सीटी स्कॅनही केला नव्हता.

घरी काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. थोरला मुलगा एक एकर विकायला निघाला. धाकटा रात्रभर मोबाईलवर वाचत बसला आणि सकाळी कोणाशी बोलेना. काकू मात्र म्हणाल्या, "सहाच महिने हायेत तं एकर कायले विकता? नातवाले राहू द्या." त्यांच्या दिराने पर्रीकरांचं नाव काढलं. तुम्हालाही आठवत असेल. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. मुंबई, दिल्ली, अमेरिका, सगळीकडे उपचार झाले. नाकात नळी घालून ते अर्थसंकल्प मांडायला विधानसभेत आले होते. १७ मार्च २०१९ ला ते गेले तेव्हा फक्त ६३ वर्षांचे होते. दीर म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला जमलं नाही, तिथे आपलं काय?

हे वाक्य आपल्याकडे घरोघर बोललं जातं. आम्हीही ते ऐकून गप्पच बसलो होतो. पण आमच्या आशाताईने एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "गाठ आहे हे खरं. पण ती कसली आहे हे कोणी पाहिलं का?"

इथे थोडं शरीराबद्दल सांगतो. स्वादुपिंड म्हणजे काय, तर जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवा पडलेला एक अवयव. वितीहून थोडा लहान, साधारण १५ सेंटिमीटर लांब, वरून मक्याच्या कणसासारखा दाणेदार. त्याचं जाड टोक उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं असतं, त्याला डोकं म्हणतात. निमुळतं टोक डावीकडे पाणथरीपर्यंत जातं, ते शेपूट. अन्न पचवणारा रस तिथे तयार होतो आणि साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिनही तिथेच. इतक्या आत असल्यामुळे त्याचं दुखणं लवकर कळत नाही, आणि आतड्यातल्या हवेमुळे सोनोग्राफीत ते नीट दिसतही नाही.

स्वादुपिंडाचा जो नेहमीचा कॅन्सर आहे तो रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या अस्तरातून उगवतो. तो खरोखर वाईट असतो. लवकर पसरतो. डोक्याकडे असला तर पित्ताची नळी बंद करतो, म्हणून कावीळ होते. वजन झरझर उतरतं, पाठीत कळ जाते, कधी अचानक साखर वाढते. पर्रीकरांच्या आजाराची भीती आपल्या मनात बसली आहे ती या कॅन्सरची.

पण त्याच जागी दुसऱ्याही जातीच्या गाठी होतात. त्यातली एक स्ट्रोमल गाठ. डॉक्टर तिला जिस्ट म्हणतात. ती नळीच्या अस्तरातून येत नाही. आपल्या अन्नमार्गाच्या भिंतीत काही पेशी असतात, त्या आतड्याला इशारा देतात की आता आवळ, आता सैल हो, म्हणजे अन्न पुढे सरकतं. ही गाठ त्या पेशींच्या जातीची असते. दहा जणांना अशी गाठ असली तर साधारण सहा जणांना ती जठरात आणि तिघांना लहान आतड्यात सापडते. स्वादुपिंडात ती इतकी विरळा की साऱ्या जगातल्या डॉक्टरांनी छापून ठेवलेले रुग्ण मोजले तर काही डझनच भरतात. ती तिथे का उगवते यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. पुष्कळदा असंही होतं की गाठ मुळात शेजारच्या आतड्याची असते आणि स्वादुपिंडाला चिकटून वाढते, म्हणून स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचीच वाटते.

या गाठीत बिघाड नेमका काय होतो, ते आम्हाला एका डॉक्टर ताईंनी मोटारीच्या उदाहरणाने सांगितलं. पेशीवर किट नावाचं एक बटण असतं. हुकूम आला की ते चालू व्हायचं, पेशी वाढायची, मग बंद. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर अडकला तर काय होतं? लाईट आहे तोवर मोटार चालूच, शेतात पाणीच पाणी. तसं हे बटण अडकून चालूच राहतं आणि पेशी वाढतच जातात. १९९८ साली जपानच्या ओसाका शहरातल्या सेइची हिरोता आणि त्यांच्या सोबत्यांनी हा बिघाड शोधून काढला. त्याआधी या गाठीवर औषधच नव्हतं. नेहमीची केमो तिला जवळपास लागू पडत नाही, शेक दिल्यानेही फारसा फरक पडत नाही. गाठ काढता आली तर काढायची, नाहीतर हात जोडायचे.

मग २००० सालच्या मार्च महिन्यात फिनलंड देशात, हेलसिंकी शहरात, एका बाईला पहिल्यांदा गोळी दिली गेली. तिला १९९६ मध्ये जठराची अशीच गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ परत आली, पुन्हा शस्त्रक्रिया, शेवटी यकृतात पसरली. काहीच उरलं नव्हतं. तिथले डॉक्टर हेइक्की योएनसू यांनी तिला रक्ताच्या एका कॅन्सरसाठी निघालेली गोळी सुरू केली, रोज ४०० मिलिग्रॅम. काही आठवड्यांतच गाठी आकसू लागल्या. त्या गोळीचं नाव इमॅटिनिब. ती त्या अडकलेल्या बटणात जाऊन बसते आणि ते बंद करते.

म्हणून आम्ही म्हणतो, गाठीचं नाव विचारा. जागा एकच असली तरी नाव बदललं की औषध बदलतं आणि पुढचं आयुष्यही बदलतं.

हे नाव कळतं कसं? आम्ही काकूंना घेऊन जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. चौघी जणी आळीपाळीने. पहिल्यांदा झाला सीटी स्कॅन, शिरेतून रंगाचं औषध देऊन. नळ्यांचा नेहमीचा कॅन्सर त्या स्कॅनमध्ये आजूबाजूपेक्षा फिकट दिसतो, कारण त्यात रक्त कमी खेळतं. काकूंची गाठ उलट चकाकत होती. कडा गोल, स्पष्ट, मधला भाग पोकळ झालेला. आकार अकरा सेंटिमीटर. एवढी मोठी गाठ असून कावीळ नाही, हेही त्या डॉक्टर ताईंच्या ध्यानात आलं. ही जात बहुतेक करून शेजारच्यांना ढकलते, त्यांच्यात घुसत नाही.

मग तुकड्याची तपासणी. इथे घरात पुन्हा गोंधळ झाला. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे तुम्हीही ऐकलं असेल. आम्ही तो प्रश्न सरळ डॉक्टर ताईंनाच विचारला. त्या म्हणाल्या, भीती अगदी खोटी नाही, पण उत्तर तपासणी टाळणं हे नाही. अशा मऊ गाठीत पोटावरून बाहेरून सुई घालणं आम्हीही शक्यतो टाळतो. तोंडातून दुर्बीण घालायची, तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं, आणि जठराच्या किंवा आतड्याच्या आतूनच बारीक सुईने नमुना घ्यायचा. गाठ लहान असेल, स्पष्ट असेल आणि सहज निघणारी असेल तर तुकडा न घेता सरळ शस्त्रक्रिया करून मग सगळी गाठच तपासायला पाठवतात. काकूंची गाठ मोठी होती, आधी गोळी देऊन लहान करायचा विचार होता. आणि नाव कळल्याशिवाय गोळी देता येत नाही.

नमुना काचेवर पाहिला तर पेशी चरख्याच्या चातीसारख्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. पण तशा पेशी इतर गाठींतही असतात. म्हणून त्यावर खास रंग चढवतात. एकाचं नाव सीडी ११७, दुसऱ्याचं डॉग १. कुत्र्याचा इथे काही संबंध नाही, आम्हीही आधी हसलो होतो. सीडी ११७ म्हणजे ते किट बटणच. शंभरातल्या पंचाण्णव जिस्ट गाठींत हा रंग चढतो. काकूंच्या कागदावर दोन्हीपुढे पॉझिटिव्ह लिहून आलं. आपल्या आयुष्यात पॉझिटिव्ह शब्दाने कधी आनंद झाला असेल असं आठवत नाही, त्या दिवशी झाला. आशाताई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

नमुन्याची आणखी एक तपासणी असते, बटण नेमकं कुठे बिघडलं ते पाहायची. तिला जनुकाची तपासणी म्हणतात. काही बिघाड असे असतात की त्यांना इमॅटिनिब लागूच पडत नाही, काहींना दुप्पट मात्रा लागते. मोठ्या केंद्रांत ती होते. होत असेल तर जरूर करून घ्या, नाहीतर वर्षभर चुकीच्या गोळीच्या भरवशावर बसावं लागतं.

आता गोळीच्या किमतीबद्दल, कारण ही गोळी आपल्यासारख्या घरात येऊ शकते यामागे मोठी लढाई आहे, आणि ती आपल्या मुंबईतून लढली गेली.

इमॅटिनिब काढली नोव्हार्टिस या परदेशी कंपनीने. ग्लिव्हेक नावाने ती विकली जायची. भारतात तिचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. आपल्याकडच्या कंपन्या तीच गोळी ८,००० ते १०,००० रुपये महिन्यात देत होत्या. २००३ च्या अखेरीस नोव्हार्टिसला भारतात एकटीने विकण्याचा हक्क मिळाला आणि स्वस्त गोळी बनवणाऱ्या कंपन्यांवर गदा आली. तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था पुढे आली. आम्हाला यात फार नवल वाटतं ते हे, की औषधाच्या पेटंटविरुद्ध रुग्णांची संस्था उभी राहिली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कंपनी वर गेली. कोर्टाची पायरी चढत चढत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि १ एप्रिल २०१३ ला निकाल लागला: जुन्याच औषधाचं थोडं बदललेलं रूप दाखवून नवं पेटंट मिळणार नाही, त्याने रुग्णाला जास्त गुण येतो हे दाखवावं लागेल. निकाल देणारे दोन न्यायमूर्ती होते, आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई. दुसऱ्या न्यायमूर्ती आपल्या मुंबईच्या, एक बाई. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही पुष्कळ रुग्णांना गोळी फुकट देतो, आणि देतही होती. पण फुकट देणाऱ्याच्या मर्जीवर राहणं आणि दुकानात परवडणाऱ्या भावात मिळणं, यातला फरक रेशनच्या रांगेत उभी राहिलेली बाई चांगला जाणते.

२०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही ही गोळी आहे. आज आपल्याकडे अनेक कंपन्या ती बनवतात. लिहून देताना डॉक्टरांना मूळ नावाने, म्हणजे इमॅटिनिब असं लिहायला सांगा आणि जन औषधी केंद्रातही विचारा.

काकूंना गोळी सुरू झाली. रोज एक, जेवणासोबत, मोठा पेलाभर पाणी पिऊन. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज यायची, पायात गोळे यायचे, मळमळायचं. हे त्रास बहुतेकांना होतात, पुष्कळसे हळूहळू कमी होतात. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. हिमोग्लोबिन वर आलं. घरात पुन्हा चहाला साखर पडू लागली.

आणि मग घोटाळा झाला. सोयाबीन सोंगणीला आलं, काकूंना बरं वाटत होतं, तोंड सुजलेलं पाहून बाया विचारायच्या, आणि गोळ्या संपल्या तेव्हा घरात पैशाची ओढाताण. काकूंनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. "माल विकला का आनतो," असं मनाशी ठरवलं. जवळपास दोन महिने गेले. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली. मुलगा काकूंवर फार ओरडला. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. चूक आमचीही होती. आम्ही दर बैठकीला कर्जाचा हप्ता विचारत होतो, गोळी कोणी विचारत नव्हतं.

मोटारीचं उदाहरण इथेही लागू पडतं. गोळी स्टार्टर दाबून धरते, दुरुस्त करत नाही. हात काढला की मोटार पुन्हा चालू. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती एक दिवसही बंद करायची नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील, दुसरं काही देतील. काकूंचं नशीब बलवत्तर, गोळी पुन्हा सुरू केल्यावर गाठ पुन्हा आकसली. त्या दिवसापासून आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये हप्त्याच्या रकान्याशेजारी काकूंच्या गोळीचा रकाना आहे.

सुरुवातीपासून साधारण दहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय असं काढून पुन्हा जोडणी करायची असते. फार मोठं ऑपरेशन. ते रोज करणाऱ्या हातांकडूनच करून घ्यावं, गावाजवळ होतं म्हणून कुठेही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाठ शेपटाकडे असती तर तुलनेने सोपं असतं. तिथे पुष्कळदा पाणथरीही काढावी लागते आणि मग पुढे जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ठराविक लसी घ्याव्या लागतात. जिस्ट गाठ सहसा लसिकाग्रंथींत पसरत नाही, त्यामुळे त्या सगळ्या खरवडून काढायची गरज नसते. मात्र गाठ न फुटता, अख्खी निघाली पाहिजे. काकूंची तशी निघाली. आतड्याची भिंत साफ होती, गाठ स्वादुपिंडातूनच उगवली होती. म्हणजे त्या डझनांमधल्या एक आमच्या काकू.

शस्त्रक्रिया झाली म्हणून गोळी संपली नाही. गाठ मोठी असली, तिच्यात पेशींची वाढ वेगाने होत असली किंवा ती फुटली असली तर परत येण्याचा धोका जास्त. अशा रुग्णांत एक वर्ष गोळी दिलेले आणि तीन वर्षं दिलेले असे दोन गट करून युरोपात अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो छापून आला. पाच वर्षांनी तीन वर्षंवाल्या गटात शंभरातले ९२ जण जिवंत होते, एक वर्षवाल्या गटात ८२. म्हणून काकूंना तीन वर्षं. त्यातलं सव्वा वर्ष झालं. ज्यांची गाठ पसरलेली असते त्यांना ती गोळी चालते तोवर कायमच घ्यावी लागते, आणि ती चालेनाशी झाली तर पुढच्या गोळ्या आहेत, सुनिटिनिब आणि रेगोराफेनिब. सगळ्यांचं काकूंसारखं होईल असं आम्ही म्हणत नाही. काकूंचंही पुढे काय, ते प्रत्येक स्कॅनच्या आदल्या रात्री आम्हाला माहीत नसतं.

तुमच्या काही जणींचे प्रश्न आधीच आमच्याकडे आले होते. हा आजार लेकीसुनांना लागतो का? लागट नाही. एका ताटात जेवलं तरी काही होत नाही. घराण्यातून येणारा प्रकार आहे पण अगदीच क्वचित. तरुण बाईला गोळी चालू असेल तर मात्र त्या काळात दिवस जाऊ देऊ नयेत, बाळाला धोका असतो. खाण्याचं पथ्य काय? ही गोळी चालू असताना पपनस खाऊ नये, गावठी जडीबुटी आणि काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, गोळीशी भांडण होतं. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. स्वादुपिंडाचा भाग काढला असेल तर पचनासाठी जेवणासोबत कॅप्सूल लागू शकते आणि साखर अधूनमधून तपासावी लागते. बाकी वरण-भाकर, ताक, अंडं, जे पचेल ते, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.

एकीने विचारलं, आम्ही जायचं कुठे? आधी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा खामगावच्या सामान्य रुग्णालयात तपासून चिठ्ठी घ्या. पुढे छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईला परळचं टाटा रुग्णालय आहे, ते १९४१ पासून. शेगाव, नांदुरा, मलकापूरहून मुंबईची गाडी मिळते. तिथे राहायचं कुठे ही मोठी काळजी असते. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे कितीतरी रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. आपल्याच वऱ्हाडातल्या संताची ती पुण्याई. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारलं की तिथली चिठ्ठी कशी मिळते ते सांगतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डावर मिळायची, आणि आपला जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत असल्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर मिळायची. २०२३ मध्ये ती सगळ्याच कुटुंबांसाठी खुली करायचा निर्णय झाला, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात दाराशीच आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला नुसतं "ऑपरेशन बसतं का" असं विचारू नका. तपासण्या, ऑपरेशन आणि पुढची रोजची गोळी, तिन्हीचं वेगवेगळं विचारा. योजनेचा फोन १५५३८८. काकूंच्या थोरल्याने एकर विकलं नाही. गाडीभाड्याला आणि बाहेरच्या तपासण्यांना गटाने कर्ज दिलं, ते अजून फिटतं आहे.

जाताना रेशनकार्ड, आधार, सातबारा यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि आधीचे सगळे कागद एका पिशवीत घ्या. स्कॅनची सीडी आणि तुकड्याच्या तपासणीचे मेणाचे ठोकळे दवाखान्यातून मागून घेता येतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं तर तेच लागतात, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं.

काकूंचा पुढचा स्कॅन पोळा झाला की आहे. या खेपेला त्यांच्यासोबत जायची पाळी आशाताईची. तुमच्या गावात कोणाची अशी फाईल घरात पडून असेल तर पुढच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन या, आपण मिळून वाचू.